इग्बो पदव्या, ओझो आणि 'इग्वे': वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नायजेरियन सिनेमे बघणारे, नोकरीनिमित्त लागोस किंवा पोर्ट हारकोर्टला गेलेले, आणि पुण्या-मुंबईत इग्बो सहकारी किंवा शेजारी असलेले वाचक हे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात. सोपे प्रश्न आधी घेतले आहेत, अडचणीचे नंतर. इग्बो हा नायजेरियातला एक मोठा समाज. त्यांच्यात गावागणिक रिवाज बदलतो, हे वाचताना ध्यानात असू द्या. एका गावचा नियम दुसऱ्या गावी सांगायला गेलात तर तिथली म्हातारी माणसं तुम्हाला हसतील.

१. इग्बो लोकांमध्ये राजा असतो की नसतो? दोन्ही वाचलं आहे.

दोन्ही खरं आहे. इग्बोंची मुख्य वस्ती नायजेरियाच्या आग्नेय भागात, म्हणजे अनाम्ब्रा, एनुगू, इमो, अबिया आणि एबोनी या पाच राज्यांत आहे. नायजर नदीच्या पश्चिमेला डेल्टा राज्यात आणि दक्षिणेला रिव्हर्स राज्यातही इग्बो बोलणारी गावं आहेत. 'इग्बो एन्वे एझे', म्हणजे इग्बोंना राजा नसतो, ही त्यांचीच जुनी म्हण आहे आणि ती अभिमानाने सांगितली जाते.

बहुतेक गावांत कारभार सभेने चालायचा. एका पूर्वजाचे वंशज म्हणजे 'उमुन्ना', अर्थात भाऊबंद. त्यांतला सर्वांत वडील पुरुष 'ओक्पाला'. 'ओफो' नावाची पवित्र काठी त्याच्याकडे असते आणि ती हातात धरून खोटं बोलायचं नसतं. त्याच्या जोडीला समवयस्कांचे गट, पदवीधारक पुरुष आणि 'उमुआदा', म्हणजे लग्न होऊन परगावी गेलेल्या लेकी. माहेरच्या भांडणात या लेकींचा शब्द फार जड असतो.

पण न्री, ओनित्शा, आरोचुक्वू आणि नायजरच्या पश्चिमेची असाबा, ओग्वाशी-उकू यांसारखी गावं इथे प्रमुखाची किंवा राजाची गादी जुनीच आहे. आज तर जवळजवळ प्रत्येक गावाला कुणीतरी 'राजा' आहे. तो कसा आला ते प्रश्न ९ आणि १० मध्ये.

२. एझे, इग्वे, ओबी, चीफ: हे सगळं एकच का?

नाही. 'एझे', 'इग्वे' आणि 'ओबी' या गावच्या प्रमुखाच्या पदव्या आहेत. ढोबळ मानाने इमो-अबियाकडे 'एझे', अनाम्ब्रा-एनुगूकडे 'इग्वे', तर ओनित्शा आणि डेल्टाकडच्या गावांत 'ओबी'. 'इग्वे' म्हणजे आकाश. हे संबोधनही आहे. म्हणून ओनित्शाचा ओबी समोर आला की लोक त्यालाही 'इग्वे!' म्हणूनच मुजरा करतात, आणि नवखा माणूस गोंधळतो.

'चीफ' हा इंग्रजांनी रुजवलेला शब्द. आज तो गावप्रमुखाच्या मंत्रिमंडळातल्या माणसापासून मानाची पदवी मिळालेल्या सिमेंटच्या व्यापाऱ्यापर्यंत कुणालाही लागतो. नुसतं 'चीफ' ऐकून काहीच कळत नाही. पुढचा प्रश्न विचारायचा असतो: कुठल्या गावचे आणि कोणत्या पदवीचे?

३. ओझो म्हणजे नेमकं काय?

ओझो ही इग्बो पुरुषाने स्वतःच्या कमाईवर आणि चारित्र्यावर मिळवायची पदवी. राज्य करण्याशी तिचा संबंध नाही. ती घेतलेला माणूस जिवंतपणीच पूर्वजांच्या पंगतीला जाऊन बसला असं मानतात. त्याचा शब्द साक्षीत खरा धरला जातो, तंट्यात त्याला मध्यस्थ बोलावतात, आणि त्याच्यावर हात उचलणं हा भूमीचा, म्हणजे 'आला' या भूमातेचा, अपराध ठरतो. अशा पुरुषांच्या मंडळाला 'न्झे ना ओझो' म्हणतात. ओनित्शात त्याच मंडळाचं नाव 'अग्बालान्झे'.

सगळ्या इग्बो मुलखात ओझो नाही. अनाम्ब्रा आणि एनुगूच्या बऱ्याच भागात तो पक्का मुरलेला आहे. दक्षिणेकडे 'न्झे', 'दुरू' अशा इतर पदव्यांचं वजन जास्त. पूर्वी भरघोस सुरण पिकवणाऱ्याला 'एझे जी', म्हणजे सुरणांचा राजा, ही पदवी असे. इथे सुरण म्हणजे आपल्याकडचा खाजरा कंद समजू नका. पश्चिम आफ्रिकेतला याम वेगळा. तो लांबट असतो आणि तिथल्या संसाराचा मुख्य आधार आहे.

४. ओझो घ्यायला काय करावं लागतं? खर्च किती?

आकडा सांगत नाही, कारण तो गावागणिक आणि वर्षागणिक बदलतो. मोठा असतो एवढं नक्की. वाट साधारण अशी.

आधी घरातली वडिलकी सांभाळायची. वडील वारले असतील तर त्यांचे अंत्यविधी पूर्ण केलेले हवेत, आणि बऱ्याच गावांत थोरल्या भावाला ओलांडून धाकट्याने पुढे जायचं नसतं. मग उमुन्नाची संमती. इथेच अनेकांची गाडी अडते. गावात दिलेला शब्द मोडलेला, कुणाची जमीन बळकावलेली किंवा पैसा कुठून आला याचं उत्तर न देणारा माणूस जुन्या रिवाजाप्रमाणे इथून परत जायचा. त्यानंतर टप्प्याटप्प्याने विधी, नजराणे, बकरे, गायी, ताडाची दारू आणि गावजेवणं. काही गावांत उमेदवार २८ दिवस एकांतात राहतो. इग्बो आठवडा चार बाजारदिवसांचा (एके, ओरिए, आफो, न्क्वो), त्यामुळे हे बरोबर सात आठवडे होतात. शेवटी तो नव्या नावासह बाहेर येतो आणि पुढे जुन्या नावाने हाक मारणं हा त्याचा अपमान होतो.

नव्या माणसाने भरलेली रक्कम आधीचे ओझोधारक आपसात वाटून घेतात. म्हणजे तरुणपणी मोठी रक्कम गुंतवायची आणि पुढे दर नव्या भरतीला आपला वाटा घ्यायचा. आपल्याकडच्या भिशीशी याचं नातं लागतं, फक्त इथे पाळी एकदाच येत नाही, आयुष्यभर येत राहते. म्हातारपणी शेती होत नसलेल्या माणसाला हा हक्काचा पैसा होता. 'श्रीमंतीचं प्रदर्शन' म्हणून ओझोला नाक मुरडणारे ही बाजू विसरतात. साठवलेला पैसा गावात फिरवायची आणि म्हातारपणाची सोय करायची ही पद्धत बँका यायच्या कितीतरी आधीची आहे.

५. एवढा खर्च करून पदरात काय पडतं? नुसता मान?

मान पडतो, आणि त्याच्याबरोबर बंधनांची मोळी. ओझो माणसाने खोटं बोलायचं नाही. कुठेही आणि कुणाच्याही हातचं खायचं नाही. चारचौघांत भांडायचं नाही. पुष्कळ गावांत त्याने ताडाच्या उंच झाडावर चढायचं नाही, डोक्यावरून ओझं वाहायचं नाही. आजारी पडला किंवा परगावी गेला तरी नियम सुटत नाहीत. त्यामुळे जुने लोक घरून शिदोरी घेऊन निघायचे.

काही जण म्हणतात, ओझो म्हणजे श्रीमंतांचा क्लब. अर्धवट खरं आहे. पैशाशिवाय दार उघडत नाही. पण आत गेल्यावर तोच पैसेवाला माणूस असा बांधला जातो की त्याची वागणूक गावाच्या डोळ्यांसमोर राहते. ज्या समाजात राजा नव्हता, पोलीस नव्हता, तुरुंग नव्हता, तिथे जबर माणसाला काबूत ठेवायचा हा उपाय मला फार हुशारीचा वाटतो. आज तो किती चालतो, ते प्रश्न १४ मध्ये.

६. लाल टोपी घातलेला प्रत्येक जण चीफ असतो का?

पूर्वी असता, आज नाही. लाल टोपी, तिच्यात खोवलेलं गरुडाचं पांढरं पीस ('उगो'), हातात कातड्याचा पंखा, पायाच्या घोट्याला बांधलेला दोरा, लोखंडी दंड, हस्तिदंताचं शिंग आणि बसायला बकऱ्याचं कातडं या पदवीच्या खुणा. गरुडाचं पीस सर्वांत मोलाचं. पण कोणी काय घालायचं याचे नियम गावचे गावचे. ओनित्शात लाल टोपी 'न्डिची' या दरबारी सरदारांची. दुसऱ्या गावात प्रत्येक ओझोधारकाची.

सिनेमातल्या आणि लग्नातल्या टोप्यांनी घोळ वाढवला आहे. बिबट्याच्या डोक्याची नक्षी असलेला 'इसी आगू' सदरा आज कुठलाही इग्बो नवरदेव घालतो. त्यावरून काहीच ठरत नाही. घोट्याचा दोरा आणि पीस बघा, आणि तरीही विचारून खात्री करा.

जुन्या छायाचित्रांत काही पुरुषांच्या कपाळभर आणि गालांवर समांतर व्रण दिसतात. ते 'इची'. न्रीच्या प्रभावाखालच्या भागात पदवीच्या वाटेवरची ती खूण होती. आता कुणी गोंदून वा कापून घेत नाही.

७. प्रत्येक लेखात न्रीचं नाव येतं. तिथे काय विशेष?

अनाम्ब्रातलं न्री हे पदवी-परंपरेचं उगमस्थान मानतात. तिथला 'एझे न्री' हा पुरोहित-राजा. त्याच्याकडे सैन्य नव्हतं. त्याची सत्ता विधींची. कुठे भूमातेचा मोठा अपराध घडला, उदाहरणार्थ भाऊबंदांत खून झाला, तर न्रीचा माणूस येऊन ती जमीन शुद्ध करायचा. ओझो देण्याचा, सुरणाच्या पिकाचा आणि नव्या वर्षाची घोषणा करण्याचा अधिकारही न्रीकडे. गादीवर बसताना एझे न्रीला प्रतीकरूपाने पुरतात आणि पुन्हा उठवतात. त्यानंतर तो माणसांतला राहत नाही. तो गेल्यावर गादी लगेच भरायची नसते, मध्ये बरीच वर्षं रिकामी ठेवतात.

पुरावा केवळ दंतकथांचा नाही. न्रीजवळच्या इग्बो-उक्वू गावात १९३०च्या दशकाच्या अखेरीस एक माणूस घराशेजारी पाण्याची टाकी खणत होता, तेव्हा ब्राँझच्या वस्तू वर आल्या. १९५९ पासून थर्स्टन शॉ या पुरातत्त्वज्ञाने तिथे उत्खनन केलं. एका दफनात बसवलेला प्रतिष्ठित माणूस, त्याच्याभोवती दागिने, हस्तिदंत, एक लाखाहून अधिक मणी, आणि शेजारच्या जागेतल्या साठ्यात मेणाच्या साच्याने ओतलेली विलक्षण नाजूक ब्राँझची भांडी सापडली. काळ साधारण नववं-दहावं शतक. तिथल्या काही चेहऱ्यांवर इचीसारख्या रेषा कोरलेल्या आहेत. म्हणजे हा मानमरातब हजारेक वर्षांचा तरी आहे. १९११ साली ब्रिटिशांनी तेव्हाचा एझे न्री ओबालिके याला हा धार्मिक अधिकार जाहीरपणे सोडायला लावलं.

८. ओनित्शाचा ओबी इतका प्रसिद्ध का? आणि गादी वारसाने मिळते का?

ओनित्शा हे नायजरच्या काठावरचं व्यापारी शहर. तिथली अफाट बाजारपेठ हे एक कारण. दुसरं कारण, तिथली राजेशाही जुनी आणि दिमाखदार आहे. एझे चीमा नावाच्या पुढाऱ्याबरोबर बेनिनच्या बाजूने लोक आले अशी तिथली परंपरा सांगते. ओबीच्या हाताखाली न्डिची सरदारांच्या तीन पायऱ्या आहेत. वरच्या पायरीवर 'ओनोवू' हा प्रधानासारखा, मग 'आजिए', 'ओडू', 'ओवेले' वगैरे. नायजेरियाचे पहिले राष्ट्राध्यक्ष न्नाम्डी अझिकिवे ओनित्शाचे 'ओवेले' होते.

दरवर्षी ऑक्टोबरच्या सुमारास ओबी एकांतवासातून बाहेर येऊन प्रजेला दर्शन देतो. हा 'ओफाला' उत्सव. तोफा, ढोल, हस्तिदंताची शिंगं आणि हल्ली मोबाइल कंपनीचे फलकसुद्धा. सध्याचे ओबी न्नाएमेका आल्फ्रेड अचेबे २००२ साली गादीवर आले. त्याआधी ते शेल या तेल कंपनीत मोठ्या हुद्द्यावर होते. अशी कारकीर्द आज इग्बो राजांमध्ये नवी नाही. प्राध्यापक, निवृत्त नोकरशहा आणि अभियंते गादीवर दिसतात. ओको गावचे इग्वे लाझ एक्वुएमे हे संगीतशास्त्राचे प्राध्यापक.

वारशाचं उत्तर एक नाही. न्नेवीसारख्या गावात गादी बापाकडून मुलाकडे जाते. तिथे केनेथ ओरिझू १९६३ साली बसले आणि साठ वर्षांहून जास्त काळ इग्वे राहिले. ओनित्शात ठरावीक राजवंशांतून माणूस निवडतात, आणि त्या निवडीवरून कोर्टकज्जे झाले आहेत. बाकी कितीतरी गावांत वस्त्यांनी पाळीपाळीने गादी घ्यायची असं लिखित घटनेत नोंदवलेलं असतं.

९. ब्रिटिशांनी नेमलेले 'वॉरंट चीफ' म्हणजे काय?

ब्रिटिशांना उत्तर नायजेरियात 'अमीर', म्हणजे मुस्लिम राज्यकर्ते, सापडले, पश्चिमेकडे योरुबा समाजाचे 'ओबा', म्हणजे राजे, सापडले. त्यांच्यामार्फत कारभार हाकायचा, हे त्यांचं धोरण. इग्बो मुलखात तसा माणूस सापडेना. मग त्यांनी तो तयार केला. कुणाला तरी निवडून नेमणुकीचं वॉरंट द्यायचं, न्यायालयात बसवायचं आणि त्याच्यामार्फत वेठ व कर वसूल करायचा. निवडलेली माणसं बहुधा ओझोधारक किंवा ओक्पाला नसायची. कधी दुभाषाच्या ओळखीतला, कधी धाडसी व्यापारी. प्रश्न ५ मधली बंधनं त्यांच्यावर नव्हती, अधिकार मात्र भरमसाट. लाचखोरी आणि जबरदस्तीची लग्नं यांच्या तक्रारी साचत गेल्या.

नोव्हेंबर १९२९ मध्ये ओलोको गावात ठिणगी पडली. आधी पुरुषांवर कर बसला होता. आता बायकांवर बसणार अशी कुजबुज होती. वॉरंट चीफ ओकुगोने पाठवलेला माणूस न्वान्येरुवा नावाच्या बाईच्या अंगणात आला आणि शेळ्या-मेंढ्या, माणसं मोज म्हणाला. ती ताडतेल काढत होती. 'तुझी आई मोजली होती का?' असं तिने सुनावलं, आणि बाजारात जाऊन बायकांना गोळा केलं. हजारो बायका ताडाची पानं हातात घेऊन निघाल्या, चीफच्या दारात बसून गाण्यांनी त्याची अब्रू काढली आणि त्याची टोपी मागितली. टोपी म्हणजेच पद, हे त्यांना बरोबर ठाऊक होतं. ओकुगोला पदावरून काढून तुरुंगात टाकलं. उठाव ओवेरी आणि कालाबार प्रांतांत पसरला, न्यायालयाच्या इमारती पाडल्या गेल्या, आणि सरकारी गोळीबारात पन्नासहून अधिक बायका मेल्या. इंग्रजी कागदपत्रांनी याला 'दंगल' म्हटलं. इग्बो लोक 'बायकांचं युद्ध' म्हणतात आणि मीही तेच म्हणतो. १९३०च्या दशकात वॉरंट चीफची पद्धत गुंडाळावी लागली.

१०. मग आज प्रत्येक गावाला इग्वे कुठून आला?

सरकारी कायद्यातून. १९७६ च्या स्थानिक स्वराज्य सुधारणांनंतर तेव्हाच्या अनाम्ब्रा आणि इमो राज्यांनी गावप्रमुखांविषयी कायदे केले. प्रत्येक मान्यताप्राप्त गावाने आपला एक प्रमुख निवडून पाठवायचा, सरकार त्याला प्रमाणपत्र आणि राजदंड देणार. आता राजदंड मिळायचा तर गाव 'स्वायत्त' हवं. म्हणून इमोत गावांचे तुकडे पडून नवनवी स्वायत्त गावं झाली आणि प्रत्येकाला स्वतंत्र एझे. एकट्या अनाम्ब्रात मान्य गावं पावणेदोनशेच्या वर आहेत.

यातल्या काही गाद्या खरोखर जुन्या, काही वॉरंट चीफच्या घराण्यातून आलेल्या, बाकी अगदी ताज्या. सरकारने दिलेलं सरकार काढूनही घेऊ शकतं. ऑगस्ट २०२० मध्ये अनाम्ब्राच्या राज्यपालांनी एका झटक्यात १२ गावप्रमुखांना निलंबित केलं, कारण ते सरकारला न विचारता देशाच्या राजधानीला, अबुजाला गेले होते. देशाच्या १९९९ च्या राज्यघटनेत पारंपरिक राजांना कोणताही अधिकार दिलेला नाही. त्यांची सगळी भिस्त राज्याच्या कायद्यावर आणि गावच्या विकास मंडळाशी जमवून घेण्यावर. मंडळाचा अध्यक्ष आणि इग्वे यांचं भांडण हा इग्बो गावांतला नेहमीचा विषय.

११. बायकांना पदवी मिळते का?

मिळते, आणि नवऱ्याच्या जिवावरच नव्हे. तीन प्रकार वेगळे करा.

पहिला, नवऱ्यामुळे येणारं संबोधन: पदवीधारकाची बायको 'लोलो', एझेची 'उगोएझे'. दुसरा, स्वतः मिळवलेली पदवी. ओनित्शाच्या 'ओतू ओडू' मंडळातल्या बायका पांढरी वस्त्रं, पोवळ्याच्या माळा आणि हस्तिदंताची इतकी जड कडी घालतात की चालही संथ होते. त्या भागात अशा बाईला 'इयोम' म्हणतात. न्नोबीत 'एक्वे' ही पदवी इडेमिली देवीशी जोडलेली आणि कर्तबगार, पैसा कमावलेल्या बाईची.

तिसरा प्रकार, प्रत्यक्ष सत्तापद. नायजरच्या पश्चिमेच्या गावांत 'ओमू' असते. ती राजाची राणी नव्हे, आईही नव्हे. बाजाराची आणि बायकांच्या कारभाराची ती प्रमुख आणि तिचं स्वतःचं मंत्रिमंडळ. ओक्पानामसारख्या गावांत हे पद आजही चालू आहे. ओनित्शातही होतं, पण एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ओमू न्वाग्बोका गेल्यावर ती जागा भरलीच नाही.

१२. एखादी बाई राजा झाल्याचं उदाहरण आहे का?

आहे, आणि ते सगळ्या नियमांना टांग मारणारं आहे. एनुगू-एझिके गावची आहेबी उग्बाबे. वडिलांच्या अपराधाचं प्रायश्चित्त म्हणून तिला देवाला वाहायचं ठरलं, तेव्हा ती लहान वयात शेजारच्या इगाला मुलखात पळून गेली. तिथे देहविक्रय आणि व्यापार करत पैसा, भाषा आणि ओळखी मिळवल्या. ब्रिटिश फौजांबरोबर ती गावी परतली, १९१८ मध्ये वॉरंट चीफ झाली (त्या काळच्या नायजेरियात ही नेमणूक मिळालेली ती एकमेव बाई), आणि इगालाच्या राजाच्या पाठबळाने 'एझे' म्हणवू लागली. तिने बायका केल्या, दरबार भरवला.

मग तिने स्वतःचा मुखवटा नाचवायला काढला. मुखवटे म्हणजे आलेले पूर्वज, आणि तो प्रांत फक्त पुरुषांचा. गावच्या पुरुषांनी मुखवटा जप्त केला, आणि प्रकरण ब्रिटिश अधिकाऱ्यांपुढे गेलं तेव्हा त्यांनीही पुरुषांचीच बाजू घेतली. राजेपद चाललं, पण मुखवटा नाही. आपल्या मागे रीतसर अंत्यविधी होतील याचा तिला भरवसा नव्हता, म्हणून ते तिने जिवंतपणीच उरकून घेतले. १९४८ मध्ये ती वारली.

१३. 'ओसू' म्हणजे कोण? त्यांना ओझो घेता येतो का?

ओसू म्हणजे कधीकाळी एखाद्या देवाला वाहिलेल्या माणसांचे वंशज. त्यांच्याशी लग्न नाही, त्यांनी गावच्या वतीने कोला (पाहुणचाराची फळबी, प्रश्न १९ पाहा) फोडायचा नाही, ओझो तर नाहीच. ते गुलामांचे वंशज ('ओहू') नव्हेत, तो वेगळा गट. तेव्हाच्या पूर्व विभागाच्या विधिमंडळाने १९५६ मध्ये ओसूप्रथा कायद्याने बंद केली.

कायदा झाला तरी लग्न जमवताना 'चौकशी' होतेच. हा शब्द मराठी वाचकाला ओळखीचा वाटेल. शिकलेली, चर्चला जाणारी कुटुंबंही यात मागे नाहीत. पदव्यांचं कौतुक करणारे बरेच लेख हा विषय गाळतात. ते चूक आहे, कारण पदवीच्या दारात कोणाला उभं करायचं नाही यावरही पदवीची किंमत ठरत होती.

१४. पैसे दिले की चीफ होता येतं, असं ऐकलं. खरं का? परदेशी माणसाला?

मानद पदवीच्या बाबतीत बऱ्याच अंशी खरं. गावात रस्ता, शाळा, विहीर बांधून दिली की इग्वे पदवी देतो आणि ती योग्यही असू शकते. पण राजकारणी आणि अचानक श्रीमंत झालेले लोकही याच दाराने येतात. पदवीची नावं मात्र ऐकण्यासारखी. नायजेरियातून फुटून निघालेल्या बियाफ्राचे नेते ओजुक्वू 'इकेम्बा न्नेवी' होते, म्हणजे लोकांचं बळ. अमेरिकन अभिनेता फॉरेस्ट व्हिटेकर याला २००९ मध्ये इमो राज्यातल्या न्क्वेरे गावाने 'न्वान्नेडिनाम्बा', परदेशातला भाऊ, अशी पदवी दिली.

अशी पदवी म्हणजे ओझो नव्हे. विधी, संमती, बंधनं (प्रश्न ४ आणि ५) यांतलं बहुतेक काही तिच्यात नसतं. आपल्या पदवीधारक इग्बो मित्राला 'तुला कितीला पडली?' असं विचारू नका. ओझो घेतलेला असेल तर तो दुखावेल, विकत घेतलेली असेल तर जास्तच दुखावेल.

१५. ख्रिश्चन माणूस ओझो घेऊ शकतो का?

आज बरेच जण घेतात. ओनित्शात १८५७ मध्ये अँग्लिकन मिशन आलं, १८८५ मध्ये कॅथलिक. दोघांनीही पूर्वजांना नैवेद्य आणि बळी असल्यामुळे ओझोला विरोध केला. त्यात अनेक पिढ्या ओढाताणीत गेल्या: गावात मान हवा तर ओझो, चर्चमध्ये जागा हवी तर ओझो नको. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कित्येक ठिकाणी तडजोड झाली. बळी आणि नैवेद्य वगळायचे, प्रार्थना ख्रिस्ती, टोपी-पीस-नाव कायम. जुन्या वळणाचे लोक याला पोकळ ओझो म्हणतात, आणि काही पेंटेकोस्टल चर्चेस तेवढंही चालवून घेत नाहीत.

१६. वडिलांची पदवी मुलाला मिळते का?

ओझो मिळत नाही. ती ज्याची त्याने घ्यायची, आणि धारकाबरोबर ती संपते. गावप्रमुखाच्या गादीचं उत्तर प्रश्न ८ मध्ये आहे. मानद पदवीही वारशाने जात नाही, मुलगा व्हिजिटिंग कार्डावर काहीही छापो. उलट बाजूने, ओझोधारकाचा अंत्यविधी साध्या माणसासारखा उरकता येत नाही. मंडळाचे नियम पाळून तो करेपर्यंत मुलाची स्वतःची वाट बऱ्याच गावांत बंद राहते.

१७. लागोसमध्ये किंवा परदेशात 'एझे न्डिग्बो' असतो, तो खरा राजा का?

गावाबाहेरच्या इग्बो समाजाने निवडलेला तो पुढारी. परगावी मेलेल्यांचं शव गावी पाठवणं, पोलीस ठाण्यात मध्यस्थी, आपसातले तंटे मिटवणं ही त्याची कामं आणि ती गरजेची असतात. अडचण 'एझे' या नावात आणि मुकुटात आहे. ज्यांच्या भूमीत राहायचं तिथल्या राजाला दुसरा राजा रुचत नाही. इग्बो भूमीतल्या राजांच्या परिषदेलाही ही पदवी मान्य नाही. त्यांच्या मते गावाशिवाय एझे होत नाही, फार तर 'ओन्येन्डू', म्हणजे पुढारी, म्हणा. घानात २०२५ मध्ये नायजेरियन लोकांविरुद्ध निदर्शनं झाली, त्यात तिथल्या एका इग्बो 'राजा'च्या व्हिडिओचा विषय पेटला होता.

१८. नावाआधी 'चीफ सर डॉक्टर' अशी रांग असते. यातलं इग्बो काय?

फक्त 'चीफ', आणि तेही प्रश्न २ मधल्या अर्थाने. 'सर' बहुधा चर्चचं. कॅथलिक आणि अँग्लिकन चर्चच्या नाइट मंडळांत घेतलेल्या पुरुषाला नायजेरियात 'सर' आणि त्याच्या बायकोला 'लेडी' म्हणतात. ब्रिटिश राजघराण्याशी याचा संबंध नाही. 'डॉक्टर' कधी विद्यापीठाचा, कधी मानद. 'ओग्बुएफी' दिसलं तर ते इग्बोच: शब्दशः गाय मारणारा, म्हणजे पदवीच्या विधीत गाय दिलेला. 'माझी' मुळात आरोचुक्वूचं मानाचं संबोधन, आता सरसकट 'श्रीयुत'सारखं वापरतात. एवढे सगळे शब्द लावूनच हाक मारायची असते. एखादा गाळलात तर कुणीतरी सौम्यपणे सुधारून देईल.

१९. इग्वेच्या किंवा ओझोधारकाच्या घरी बोलावलं तर काय काळजी घ्यावी?

हात पुढे करू नका. त्याने पुढे केला तर गोष्ट वेगळी. ओझोधारक बहुधा पंख्याची पाठ तुमच्या हाताला लावतो, काही वेळा तीन वेळा, आणि मग हात. इग्वेपुढे वाकून 'इग्वे!' म्हटलं की पुरतं. पाय त्याच्याकडे करून बसू नका आणि त्याच्या खुर्चीवर चुकूनही नको.

मग कोला येतो, कडवट चवीचं एक फळबी, इग्बोत 'ओजी'. 'जो कोला आणतो तो आयुष्य आणतो' अशी त्यांची म्हण. यजमान तो ताटलीत दाखवतो, ताटली ज्येष्ठतेच्या आणि नात्याच्या क्रमाने फिरते, पाहुण्यांना दाखवून पुन्हा यजमानाकडे येते. ज्येष्ठ पुरुष प्रार्थना म्हणतो, आणि ती इग्बोतच, कारण कोलाला इंग्रजी कळत नाही असं ते गंभीरपणे सांगतात. मग फोडून पाकळ्या मोजतात. चार निघाल्या तर चारही बाजारदिवस लाभले म्हणून आनंद. बायका कोला खातात, पण रिवाजाने फोडत नाहीत, आणि इग्वे बसलेला असताना कोण फोडणार यावर अर्धा तास वाद चालला तरी मध्ये बोलू नका. उपास असेल किंवा चव सोसवत नसेल तर तुकडा घेऊन खिशात ठेवा. तो घरी नेणं रीतीला धरून आहे.